व्हिझेन्तिन नेमके कुठले? नवऱ्याच्या आडनावाचा माग काढताना

लेक झाली 2022 च्या ऑक्टोबरमधे. चौथ्या दिवशी नवरा तिचा जन्म नोंदवायला कोमूनेत गेला, कोमूने म्हणजे आपल्याकडची नगरपालिका किंवा ग्रामपंचायत समजा. त्याच वर्षी इटलीच्या कॉन्स्टिट्यूशनल कोर्टाचा निकाल आला होता की बाळाला आपोआप फक्त बापाचं आडनाव लावणं यापुढे चालणार नाही, दोघांची आडनावं लागतील, क्रम आईबापाने ठरवायचा, आणि एकच हवं असेल तर दोघांनी मिळून तसं सांगायचं. आम्ही दोन्ही ठेवायचं ठरवलं. पैठणकर व्हिझेन्तिन. (इथे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे मी नऊ वर्षं संसार करूनही कागदोपत्री पैठणकरच आहे.) काउंटरवरच्या बाईंनी माझं आडनाव तीनदा विचारून टाईप केलं आणि मग सहज म्हणाल्या, ह्याचा अर्थ काय हो? नवऱ्याने सांगितलं की भारतात पैठण नावाचं जुनं गाव आहे, तिथले ते पैठणकर. त्यावर बाई म्हणाल्या, अच्छा, म्हणजे तुमच्यासारखंच की.

घरी येऊन त्याने मला हे सांगितलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, कारण इतक्या वर्षांत हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सासऱ्यांकडे जेवायला गेलो तेव्हा विषय काढला. सासरे म्हणाले, त्यात काय शोधायचंय, व्हिझेन्तिन म्हणजे व्हिचेंझा शहराचा. आणि लगेच ते जुनं चार ओळींचं म्हणणं म्हणून दाखवलं जे इथे पोराटोरांनाही पाठ असतं, की व्हेनिसचे मोठे सावकार, पादोव्हाचे मोठे डॉक्टर म्हणजे पंडित, व्हिचेंझाचे मांजरखाऊ आणि व्हेरोनाचे सगळे वेडे. सगळे हसले. पण सासऱ्यांची थोरली बहीण, जिला सगळं घर त्सीआ म्हणतं, त्सीआ म्हणजे आत्या, ती ताठ बसून म्हणाली की अजिबात नाही, आपण व्हिचेंझाचे कधीच नव्हतो, आपल्या घराण्यात व्हिन्चेन्झो नावाचा कोणीतरी मूळ पुरुष होता आणि त्याच्यावरून हे नाव आलं, माझ्या आजीने मला सांगितलंय. वाद टिरामिसूपर्यंत चालला. खरंतर दोन्ही शक्य होतं. व्हेनेतोच्या, म्हणजे व्हेनिसभोवतालच्या ह्या आमच्या भागाच्या, बोलीत व्हिन्चेन्झोला लाडाने व्हिझेन्तिन म्हणता येतं, आणि व्हिचेंझाच्या माणसालाही व्हिझेन्तिनच म्हणतात. प्रमाण इटालियनमधला 'विचेन्तीनो' या बोलीत आला की मधल्या 'च' चा 'झ' होतो आणि शेवटचा स्वर गळून पडतो. म्हणूनच या भागातली बरीच आडनावं व्यंजनावर संपतात, त्रेव्हिझोचा तो त्रेव्हिझान, पादोव्हाचा तो पादोव्हान, फ्रिउलीचा तो फुर्लान, ब्रेशियाचा तो ब्रेस्सान. रोमच्या माणसाला असं आडनाव ऐकवलं तर तो लगेच सांगेल की हा वरच्या ईशान्येकडचा.

माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला. सासरची मंडळी त्रेव्हिझो प्रांतातली, पियावे नदीच्या डाव्या काठची. व्हिचेंझा तिथून पश्चिमेला, सत्तर-ऐंशी किलोमीटर तरी. हे आडनाव कुठे कुठे आहे ते बघितलं तर व्हिचेंझा प्रांतातही सापडतं, नाही असं नाही, पण सगळ्यात दाट आहे ते त्रेव्हिझो, पादोव्हा आणि व्हेनिसच्या पट्ट्यात. आता ह्यावर थोडा विचार केला की कळतं असंच असणार. व्हिचेंझात सगळेच व्हिचेंझाचे, तिथे कोणाला वेगळं ओळखायला हे नाव उपयोगाचंच नाही. चित्रकार व्हेरोनेझे घ्या, त्याचं नाव पाओलो कालियारी, 1528 मधे व्हेरोनात जन्मला, व्हेनिसला येऊन काम करायला लागला तेव्हा तो 'व्हेरोनाचा' झाला. दक्षिणेत सिसिलीत लोम्बार्दो हे आडनाव ढिगाने आहे, तेही उत्तरेकडून आलेल्या लोकांचं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे, कानडे, तेलंग, कोकणे ही आडनावं आपल्यात राहणाऱ्या बाहेरच्यांचीच. आमचे पैठणकर सगळे नाशकात. पैठणात बसलेल्याला पैठणकर कोण कशाला म्हणेल?

तर तिथून सुरुवात झाली. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते, रात्री जाग असायची, हातात मोबाईल असायचा. पहिलं काम घरातच केलं आणि कोणाला असं काही शोधायचं असेल तर मी हेच सांगेन की आधी घरातली म्हातारी माणसं आणि कपाटं. सासऱ्यांकडे लग्नाचं कुटुंब-पुस्तक होतं, त्सीआकडे बिस्किटाच्या डब्यात मयताची स्मृतिपत्रं होती, इथे कोणी गेलं की फोटो, तारखा आणि प्रार्थना छापलेलं छोटं कार्ड वाटतात, ती तिने 1950 पासूनची जपून ठेवली होती. 2 नोव्हेंबरला, म्हणजे मेलेल्यांच्या दिवशी, सगळे दफनभूमीत फुलं घेऊन जातात तेव्हा मी बाळाची गाडी ढकलत एकेका दगडावरच्या तारखांचे फोटो काढले. चिनी मातीवरचे फोटो असतात त्या दगडांवर. त्यात एक पणजोबा असे दिसले की नवऱ्याचं नाक जसंच्या तसं.

मग कोमूने. इथे जन्माचा साधा दाखला मागायचा नाही, पूर्ण नोंदीची नक्कल मागायची, कारण मूळ रजिस्टरच्या समासात पुढे लग्न कुठे झालं, कधी झालं हे लिहिलेलं असतं आणि तोच पुढचा धागा. शिवाय दर दहा वर्षांची नावांची सूची असते, ती बघायला मिळाली तर पानं चाळायचे आठवडे वाचतात. पण व्हेनेतोत एक अडचण आहे. हा भाग इटलीत आला 1866 साली, त्याआधी ऑस्ट्रियाचं राज्य, आणि सरकारी जन्ममृत्यू नोंदणी इथे सुरू झाली 1 सप्टेंबर 1871 ला. त्याआधीचं सगळं पाद्र्यांच्या वह्यांत. अपवाद फक्त नेपोलियनच्या काळातल्या थोड्या वर्षांचा, 1806 ते 1815, तेव्हा फ्रेंच पद्धतीने सरकारी रजिस्टरं ठेवली होती.

1876 च्या एका लग्नापर्यंत आम्ही आरामात पोचलो. नवऱ्याचे खापरपणजोबा. तिथे मला वाटलं आता चर्चमधे जाऊ, बाप्तिस्म्याची वही उघडू, झालं. चर्चमधे गेलो तर फादर दारातच म्हणाले, ब्राझील का? मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की 1875 पासून ह्या गावांतून हजारो माणसं ब्राझीलला गेली आणि त्यांचे पणतू-खापरपणतू तेव्हा नागरिकत्वासाठी पणजोबांचे दाखले मागत असत, त्यांच्या वतीने एजंट यायचे, त्यांना वाटलं मी त्यातलीच. मी सांगितलं की नाही हो, मी भारतातली आहे आणि मला फक्त माझ्या मुलीचं आडनाव कुठून आलं ते बघायचंय. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, या आत, पण तुमची निराशा होणार आहे.

निराशा झालीच. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1917 मधे, कापोरेत्तोच्या पराभवानंतर इटालियन सैन्य मागे हटून पियावेवर थांबलं आणि पुढचं वर्षभर नदी हीच युद्धाची रेषा होती. डावा काठ ऑस्ट्रियाच्या ताब्यात, उजव्या काठावरून तोफा. हे चर्च त्यात पडलं. आत्ताची इमारत नंतरची. जुन्या वह्यांपैकी एकही उरली नव्हती. फादरनी एक फोटो दाखवला, अर्धा घंटाघर उभा आहे आणि खाली विटांचा ढीग, त्या ढिगात कुठेतरी आमची दोनशे-तीनशे वर्षं. मी त्या दिवशी घरी येताना गाडीत रडले, बाळंतपणानंतरचं म्हणा किंवा काही म्हणा, पण मला खरंच वाईट वाटलं होतं. कागद जळणं म्हणजे ती माणसं दुसऱ्यांदा मरणं असं मला तेव्हा वाटलं.

वाट सापडली ती अशी. इटलीत रजिस्टरं दोन प्रतींत लिहितात, एक कोमूनेत आणि एक कोर्टात, आणि कोर्टातली पुढे सरकारी पुराभिलेखागारात जाते. लग्नाच्या नोंदीला जोडलेली कागदपत्रं, म्हणजे नवरानवरीचे बाप्तिस्म्याचे दाखले, बाप मेला असेल तर त्याच्या मृत्यूचा दाखला, हे सगळं त्या कोर्टाच्या प्रतीबरोबर राहतं. म्हणजे 1876 च्या लग्नाच्या पुडक्यात, तेव्हाच्या पाद्र्याने तेव्हा शाबूत असलेल्या वहीतून स्वतःच्या हाताने उतरवलेला, 1852 चा बाप्तिस्मा होता! वही जळाली पण तिच्यातली एक ओळ नदीच्या पलीकडे, त्रेव्हिझोत, जिवंत होती. ही युक्ती मला पुराभिलेखागारातल्या एका वयस्कर काकांनी सांगितली जे तिथे रोज येऊन बसतात आणि स्वतःच्या आईचं घराणं शोधतायत, वीस वर्षं झाली म्हणे. तिथे पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल, बॅग लॉकरमधे, आणि आवाज इतका कमी की पान उलटल्याचा आवाज ऐकू येतो. मला ती जागा फार आवडली. बाळाला सासूबाई सांभाळायच्या आणि मी आठवड्यातून एक सकाळ तिथे.

बरंच काही घरबसल्याही होतं. सरकारी पुराभिलेखागारांचं 'आन्तेनाती' म्हणून पोर्टल आहे, आन्तेनाती म्हणजे पूर्वज, तिथे रजिस्टरांची पानं फुकट बघता येतात. रात्री दीड वाजता बाळ मांडीवर आणि मी 1813 मधल्या कोणत्यातरी कारकुनाचं अक्षर लावत बसलेय असे महिनेच्या महिने गेले.

इथे आमचे चार महिने वाया गेले तेही सांगते. गावात व्हिझेन्तिन नावाची दोन घराणी होती आणि दोन्हीकडे आन्तोनियो, पिएरो, झुआने ही तीनच नावं आलटून पालटून. (झुआने म्हणजे जिओव्हान्नी, व्हेनिसकडचा उच्चार. आजोबाचं नाव नातवाला, आपल्यासारखंच.) आम्ही चुकीच्या आन्तोनियोच्या मागे गेलो. चूक कळली ती एका अक्षरामुळे. जुन्या नोंदींत बापाच्या नावाआधी 'क्यू' लिहिलेला असतो, लॅटिन 'क्वोन्दाम' चा, म्हणजे आपलं 'कै.' बाप जिवंत असेल तर नुसतं 'पिएरोचा', मेला असेल तर 'कै. पिएरोचा'. आमच्या आन्तोनियोचा बाप 1809 च्या कागदात कैलासवासी होता आणि 1812 च्या कागदात पुन्हा जिवंत. म्हणजे माणसं दोन! ते सगळं खोडून परत मागे आलो. गावात एकाच आडनावाची फार घरं झाली की त्यांना वेगळं करायला घराण्याचं टोपणनाव लावायची इथे पद्धत होती, आणि किओज्जा नावाच्या बंदरात तर आजही बोस्कोलो आणि तिओझ्झो ही दोन आडनावं इतकी आहेत की ती टोपणनावं कायद्याने कागदावर येतात. आमच्या गावात कारकुनाने ती लिहिली असती तर आमचा उन्हाळा वाचला असता.

बरोबरचा आन्तोनियो 1802 मधे लग्न करून डाव्या काठावर आलेला निघाला. हे कळलं बिशपच्या कार्यालयातल्या अभिलेखागारातून. लग्नाआधी मुलगा दुसऱ्या पॅरिशचा, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतला, असेल तर तो अविवाहित आहे, त्याचा बाप्तिस्मा झालाय, असे कागद गोळा करून एक छोटं पुडकं बनायचं, आणि ती पुडकी बिशपकडे जमा व्हायची. त्यात त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला, आणि त्यावर पॅरिशचं नाव उजव्या काठावरचं, नदीपासून बऱ्यापैकी आत. म्हणजे तोफांपासून लांब. नवऱ्याने तिथल्या तिथे फोन लावला. वह्या आहेत, 1611 पासून सलग आहेत, बुधवारी या.

बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवायची सक्ती आली ती 1563 मधे ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणून बहुतेक ठिकाणी त्यामागे चर्चची वही जात नाही. आणि माझ्या मते गरीब शेतकऱ्यांची आडनावं पक्की व्हायला ह्या वह्यांचा मोठा हात आहे. एकदा पाद्र्याने लिहिलं की पुढचा पाद्री तेच बघून लिहिणार. पण सुरुवातीला पक्कं काही नव्हतं हे त्या वहीत डोळ्यांनी दिसतं. एकाच बापाची चार पोरं आणि चार नोंदींत चार तऱ्हा, एकदा व्हिझेन्तिन, एकदा व्हेझेन्तिन, एका शिकलेल्या पाद्र्याने लॅटिन करून विचेन्तिनुस, एकदा तर नुसतंच झुआनेचा मुलगा, आडनाव गायब. आणि मागे मागे जात 1623 च्या एका नोंदीत बापाचं नाव होतं 'झुआने देत्तो व्हिझेन्तिन'. देत्तो म्हणजे 'ऊर्फ', 'म्हणतात ते'. झुआने, ज्याला लोक व्हिझेन्तिन म्हणतात. मी ते पान बघून थिजलेच. हे आडनाव नाहीच अजून. गावाने मारलेली हाक आहे.

त्सीआचा व्हिन्चेन्झो मात्र अजून पूर्ण मेला नव्हता, कारण बापाच्या नावावरूनही ऊर्फ लागू शकतं. तिला मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बघ, सापडेल व्हिन्चेन्झो.

शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड, आणि तो नवऱ्याने केला, मी तोवर परत कामाला लागले होते. चर्चच्या वह्या संपल्या की उरतात नोटरी. व्हेनिसच्या राज्यात गावोगाव नोटरी होते आणि जमीन खंडाने देणं, हुंडा, मृत्युपत्र, गाईच्या व्यवहारापर्यंत सगळं त्यांच्याकडे, आणि त्यांची दप्तरं त्रेव्हिझोच्या पुराभिलेखागारात आहेत. अडचण लिपीची. सोळाव्या शतकातल्या नोटरीचं अक्षर म्हणजे आपली मोडीच, शब्द अर्धे, वर आडवी रेघ मारली की समजून घ्यायचं. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद होते ते घरात कोणालाच वाचता यायचे नाहीत, ते मला फार आठवले. नवऱ्याने अक्षरांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. आणि काय शोधायचं हे ठरवलं ते जमिनीवरून, माणसावरून नाही. 1623 चा झुआने एका मठाची जमीन कसत होता, तर त्या मठाचे कागद ज्या नोटरीकडे होते त्याचीच दप्तरं मागे मागे चाळायची.

सात महिने लागले. 1594 च्या हिवाळ्यातला करार मिळाला, मठाच्या कुरणात मेंढ्या चारायच्या परवानगीचा. मेंढ्यांचा मालक झुआने, कै. मार्कोचा मुलगा, 'पेगोरारो', म्हणजे या बोलीत मेंढपाळ, व्हिझेन्तिन, राहणार व्हिचेंझाच्या डोंगरातल्या सात गावांपैकी, आणि पुढे 'आबितान्ते' म्हणून मठाच्या गावाचं नाव. आबितान्ते म्हणजे अगदी आपलं 'हल्ली मुक्काम'. बापाचं नाव मार्को. 1623 च्या झुआनेचा बापही त्या मधल्या एका कागदात कै. मार्कोच होता आणि जमीन त्याच मठाची. व्हिन्चेन्झो कुठेच नाही.

नवऱ्याने मला ऑफिसमधे फोटो पाठवला आणि खाली फक्त लिहिलं, मेंढपाळ.

सात गावं म्हणजे आसियागोचं पठार, व्हिचेंझाच्या उत्तरेला, हजार मीटर उंचीवर. चीजमुळे नाव ऐकलेलं असेल. ह्या सात गावांचं स्वतःचं एक छोटं संघराज्य होतं, 1310 पासून 1807 पर्यंत, त्यातली बरीच वर्षं व्हेनिसच्या छत्राखाली पण स्वतःचा कारभार. आणि तिथली जुनी भाषा इटालियन नव्हे, चिम्ब्री, जर्मन कुळातली. उन्हाळ्यात मेंढ्या वर, बर्फ पडायला लागलं की कळप घेऊन खाली पादोव्हा-त्रेव्हिझोच्या मैदानात, आपले धनगर पावसाळा संपला की माणदेशातून कोकणात उतरतात तसंच. म्हणजे हा झुआने व्हिचेंझा शहरात बहुतेक कधी राहिलाच नव्हता. त्याला कोणी त्याच्या डोंगरात विचारलं असतं तू कोण, तर त्याने स्वतःच्या वाडीचं नाव सांगितलं असतं, कदाचित चिम्ब्रीत. मैदानातल्या लोकांना त्या वाड्या कुठे माहीत, त्यांच्या लेखी पश्चिमेच्या डोंगरातून उतरणारे सगळे व्हिचेंझावाले. एका वर्षी तो परत वर गेला नाही, का ते कागदात नाही, आणि लोकांनी लावलेलं नाव त्याच्या पोरांना चिकटलं. चारशे वर्षं त्याच्या वंशजांनी ते अभिमानाने सही करताना लिहिलं, आणि आता माझ्या लेकीच्या आधारकार्डासारख्या कार्डावर तेच.

मला हे फार मोठं वाटतं. हे नाव त्याने घेतलेलं नाही, त्याला दिलेलं आहे, आणि तेही अनोळखी लोकांनी. मलाही इथे पहिली दोन वर्षं शेजारपाजारचे 'ती भारतीय' म्हणायचे, नाव माहीत असूनही. मी चिडायचे. आता तेवढी चिडत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते, कारण नवऱ्याच्या चुलतभावाने पैसे घालवलेत. आडनावावरून घराण्याची ढाल-तलवारीची मुद्रा छापून देणारे लोक असतात, फ्रेम करून, 'व्हिझेन्तिन घराणं' म्हणून. असं एक घराणं नाहीच. व्हिचेंझाकडून जो जो माणूस ज्या ज्या गावात आला तिथे त्याला वेगवेगळं हे नाव पडलं, पन्नास ठिकाणी पन्नास वेळा. व्हेनिसमधे चित्रकार कानालेत्तोच्या चित्रांवरून छपाईसाठी तांब्याचे पत्रे कोरणारा आन्तोनियो व्हिझेन्तिनी होऊन गेला, 1688 चा जन्म, तो आमचा कोणी नाही. त्रिएस्तेकडे हेच नाव व्हिझिन्तिन होतं आणि स्लोव्हेनियन माणसं ते स्वतःच्या स्पेलिंगने लिहितात. तेही आमचे कोणी नाहीत. नाव एक आहे म्हणून नातं लागत नाही, कागद लागतो. आणि त्सीआला वाटत होतं तसे व्हिन्चेन्झोवरून आलेले व्हिझेन्तिनही कुठेतरी असतीलच, फक्त ते आम्ही नाही. तिला ते सांगायला आम्ही करार छापून घेऊन गेलो. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला, एक अक्षर कळलं नाही तरी बघत राहिली. मग विचारलं, किती मेंढ्या होत्या? एकशे वीस. मग म्हणाली, गरीब नव्हता म्हणजे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आसियागोला जाऊन आलो, सासरे, त्सीआ, सगळे. गाव नवीन दिसतं, कारण 1916 मधे तेही तोफांनी सपाट झालं होतं आणि नंतर परत बांधलं. चीजच्या दुकानात सासऱ्यांनी मोठ्या हौसेने स्वतःचं आडनाव सांगितलं, की आम्ही मूळचे इथले. काउंटरवरची म्हातारी म्हणाली, व्हिझेन्तिन? छे, ते खालचे.

हे सगळं मी नाशिकला बाबांना फोनवर सांगत असायचे. ते ऐकून घ्यायचे, फार बोलायचे नाहीत. एक दिवस त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन त्यांनी आमच्या घराण्याची वही काढायला लावली होती. गुरुजींकडे पिढ्यान्पिढ्यांच्या नामावळ्या असतात, कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, मूळ गाव कुठलं, आणि खाली आलेल्या माणसाची सही. खापरपणजोबांच्या सहीत पैठणकर आहे. आणि त्याच्या मागच्या पिढीची जी सही आहे, जी पैठणहून फक्त तीर्थयात्रेला आली होती, त्यात पैठणकर नाही, कुलकर्णी आहे. बाबांनी खाली लिहिलं होतं, इकडे राहायला आल्यावर झालो गं आपण पैठणकर.

दोन्ही पानं, 1594 चा करार आणि पंचवटीची वही, लेकीच्या जन्मदाखल्याच्या फाईलमधे ठेवलीत.

इटलीत फोनवर आडनाव सांगायचं तर अक्षरागणिक गाव सांगतात. व्हेनेत्सियाचा व्ही, इमोलाचा आय, साव्होनाचा एस. व्हिझेन्तिन पटकन होतं. पैठणकर सांगताना पालेर्मो, अंकोना, इमोला, तोरिनो इथवर ठीक, पण एच आणि के ला इटालियन गावच नाही, एच ला 'हॉटेल' म्हणतात आणि के ला नुसतं 'काप्पा'. बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर ते म्हणाले, गाव नाही कसं, हिंगोली आणि कोल्हापूर आहे की. लेक शेजारी बसून ऐकत होती, सासरेही होते. परवा सासऱ्यांना मी बालरोगतज्ज्ञाकडे फोन करून नातीची अपॉइंटमेंट घेताना ऐकलं. तोरिनो झालं, जरा थांबले, आणि मग अगदी सावकाश, स्पष्ट म्हणाले, हिंगोली.